पुढच्या टेबलावरचे बाबा

आई-बाबांच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, म्हणून मी त्या गुरुवारी नोकरीच्या गावाहून, सुराबायाहून, मालांगला घरी आले. बाबांना हसायला फार आवडतं. तीस वर्षं त्यांनी निळी मिनिबस चालवली, आणि त्यांच्या गाडीतून कुणी तोंड पाडून उतरत नसे, असं स्टँडवरचे लोक अजून सांगतात. बाजारामागच्या कॉफीच्या दुकानात दर गुरुवारी संध्याकाळी विनोदी कार्यक्रम होतो. त्याची तीन तिकिटं मी काढून ठेवली होती.

"घरीच बसू गं निकेन," आई म्हणाली. "रावोनचा काळा रस्सा करते तुझ्या आवडीचा. भरपूर मटण घालून."

"रावोन उद्या खाऊ, आई."

"मग मागे बसू. अगदी मागे."

मला वाटलं, लाजतेय. मी मुद्दाम पुढचं टेबल धरलं.

तोपान नावाचा काटकुळा कलाकार माईक घेऊन उभा राहिला. "माझी आई मला बोलून निरोप पाठवते," तो म्हणाला. "सात मिनिटांचा. त्यातली पहिली तीन मिनिटं ती फोनला विचारते, चालू झालास का रे?" बाबा टेबलावर थाप मारून हसले. इतके मोठ्याने, की तोपानचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक आणि बाईला बू म्हणतात, तशी त्याने हाक मारली.

"पाक, तुम्ही फारच झकास हसता. रोज येत जा, कॉफी माझ्याकडून! नाव काय तुमचं?"

"हारसोयो."

"आणि ही शेजारी बसलेली देखणी बाई कोण?"

बाबांनी मान वळवून आईकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिले. मग माईककडे झुकून अदबीने म्हणाले, "माहीत नाही बुवा. पण स्वभावाने चांगली वाटते."

एकच हशा उसळला. मीही हसले. टाळी द्यायला आईपुढे हात केला, तर आई हसत नव्हती. तिने टेबलाखाली बाबांचा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणत होती, "मुर्तिनी. मी मुर्तिनी."

ती त्यांना स्वतःचं नाव सांगत होती. माझा हात तसाच राहिला.

तोपानला काय ठाऊक! तो रंगात आला होता. "अरे देवा! मग बायको कुठे ठेवलीत, पाक?"

"घरी." बाबांनी घड्याळ पाहिलं. "वाट बघत असेल. मला निघायला हवं."

लोक टेबलं बडवायला लागले. मागून शिट्टी आली. मोबाईल वर झाले. तोपानने माईक आईपुढे धरला. "बू, ऐकलंत ना? आता तुम्हीच बोला!"

सगळे थांबले. मला वाटलं, आता आई सांगणार. उठावं, माईक हिसकावून घ्यावा असं मनात आलं. पण घेऊन बोलायचं काय? तेही बाबांसमोर? ते आजूबाजूच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघत होते आणि खुशीत होते.

"मी ह्यांना घरी सोडायला आलेय," आई म्हणाली.

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तिला मिळाला.

बाहेर आल्यावर बाबा शेंगदाणे घेत उभे होते, तेवढ्यात मी आईला गाठलं. "कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून. दिवसा बरे असतात गं. अंधार पडला की घोळ होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, निकेनला कळलं तर नोकरी सोडून येऊन बसेल." तिने तळहाताने डोळे पुसले आणि बाबांना हाक मारली. ते लगेच आले. मला म्हणाले, "मजा आली, नाही?"

तोपानने टाकलेला त्या प्रसंगाचा व्हिडिओ शनिवारी लोकांच्या मोबाईलवर फिरायला लागला. मी तोपानला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आत्ता काढून टाकतो." त्याने काढलाही. पण तोवर शेकडो लोकांनी तो पुढे पाठवला होता. कुणाकुणाला फोन करणार मी? बाजारात मासळीवाली आईला म्हणाली, "नवरा तुझा मोठा मिश्कील गं!" आई हसली, मासे घेतले आणि घरी आली.

मी रजा वाढवून घेतली. सोमवारी सकाळी आई बाबांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. "डॉक्टरांची वेळ दहाची आहे," मी म्हटलं.

बाबांनी काळजीने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "कोण आजारी आहे?"

आई वरचं बटण लावत राहिली. मी चपला शोधायला गेले.