भातात उभ्या काड्या

थप्पड बसली तेव्हा डेरिकच्या हातात ट्रे होता. ट्रे पडला नाही, एवढंच. जेवणारी माणसं वळून बघू लागली आणि मग, आपल्याला काय त्याचं म्हणून, पुन्हा जेवायला लागली.

आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या या तैवानी हॉटेलात डेरिक वेटर होता. मालक लिन साहेबांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. भांडी घासणाऱ्या याकूबच्या मनगटावर त्यांनी फेकलेल्या कढईचा डाग होता. वसईचा डेरिक आजवर वाचला होता, कारण त्याने त्यांची रीतभात शिकून घेतली होती. देणं-घेणं दोन्ही हातांनी, अगदी बिलसुद्धा. म्हाताऱ्या माणसांना आधी वाढायचं. आज ट्रेवरून घरंगळू नयेत म्हणून त्याने जेवणाच्या काड्या भातात उभ्या खोचल्या आणि तो बाऊल साहेबांच्या आईपुढे नेला. सगळे तिला अमा म्हणत, म्हणजे आजी.

भातात काड्या उभ्या करतात त्या मेलेल्या माणसासाठी, हे त्याला थप्पड खाल्ल्यावर याकूबने सांगितलं. आधी कोण सांगणार? असलं अशुभ कुणी तोंडाने बोलत नाही.

घरी बायकोने, कॅमिलाने गालावर बर्फ धरला.

"तू पण एक ठेवून द्यायची ना. खलास. जाऊ परत वसईला."

"क्लेअरचं टेन्थ आहे. व्हिसा त्याच्या हातात आहे."

"मग खा मार."

दारातून क्लेअरने विचारलं, "डॅडा, डिड समबडी हिट यू?" किचनचं दार लागलं, असं त्याने सांगितलं. मुलीशी खोटं बोलावं लागलं, ते त्याला थपडेपेक्षा जास्त झोंबलं. त्या रात्री नोकरीची भीती कुठल्या कुठे गेली. साहेबाला कुठे मारायचं ते आता त्याला माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात अमाचा ऐंशीवा वाढदिवस होता. पाहुणे जमले होते. काउंटरवर अमाच्या गेलेल्या नवऱ्याचा फोटो, त्यापुढे संत्री. डेरिकने एकेक बाऊल दोन्ही हातांनी, अदबीने ठेवला. साहेबांचा शेवटी. त्यात दोन काड्या सरळ, खोल उभ्या केल्या होत्या. मर, असं तो मनात स्पष्ट म्हणाला.

खुर्ची मागे कोसळली. साहेबांनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. पहिला ठोसा ओठावर, दुसरा बरगडीत. डेरिकने हात उचलला नाही. त्याचा वार करून झाला होता. याकूब मध्ये पडला, त्याला लाथ बसली. साहेबांनी टेबलावरची सुपाची जड पळी उचलली. ती डोक्यात बसली असती तर गोष्ट इथेच संपली असती.

अमा उठली. तिने मुलापुढचा बाऊल दोन्ही हातांनी उचलला, सावकाश काउंटरपर्यंत गेली आणि काड्यांसकट नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला. वाकून नमस्कार केला. मग मुलाकडे वळून ती आपल्या भाषेत काही बोलली. पळी खाली आली.

"माय मदर सेज, शी टोल्ड यू टू डू इट," साहेब धापा टाकत म्हणाले. "फॉर माय फादर."

अमाने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या मुलाचं मरण चिंतून वाढलेला तो भात होता आणि तिला ते पुरतं कळलं होतं. डेरिकला इतकी लाज त्या थपडेनेही वाटली नव्हती.

अमा पुन्हा टेबलाशी आली. आपला, वाढदिवसाचा बाऊल तिने उचलला, काड्या वर आडव्या ठेवल्या आणि डेरिकसमोर धरला. दोन्ही हातांनी.

डेरिकचा एक हात ओठावर रुमाल दाबून होता. त्याने रुमाल खिशात घातला आणि बाऊल दोन्ही हातांनी घेतला. ओठातलं रक्त भातावर ठिबकलं. अमा समोरून हलेना, म्हणून त्याने तसाच एक घास तोंडात घातला.