बल्बाला विचारणारी लेक

सोमवारी माय नेहमीसारखीच होती. फोन तिनंच केला होता. शेजारच्या निता वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात ती मला म्हणाली, "लोकायच्या लेकी मायले इचारतेत, माही लेक बल्बाले इचारते." मागून वहिनींचं हसू आलं.

त्यात खोटं काही नव्हतं. वडील गेल्यापासून केनवडच्या घरी माय एकटी. दिवाळीत मी पिठाच्या डब्यामागे एक छोटा संगणक बसवला आणि घरातले दिवे त्याला जोडले. पुण्यातल्या ऑफिसात बसून काळ्या पडद्यावर 'दिवे दाखव' असं टाइप केलं, की कुठला दिवा केव्हा लागला ते ओळीनं समोर यायचं. भिंतीवरची बटणं मायच्या हाती होतीच. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. माय आत शिरताना दिवा लावायची, निघताना न चुकता विझवायची. त्यावरून मला तिचा दिवस कळे, आणि कळला म्हणून मी फोन करत नसे.

मंगळवारी पहाटे पाच बाराला दिवा लागला होता. अकरा चाळीसला पाहिलं तर अजून चालूच. मला हसू आलं. लहानपणी मी दिवा तसाच ठेवून शाळेत गेले, की माय संध्याकाळपर्यंत बोलायची. आज स्वतःच सापडली होती. मी टाइप केलं, 'स्वयंपाकघर बंद'. लगेच उत्तर उमटलं, 'बंद'. संध्याकाळी तिला चिडवायचं ठरवून मी मीटिंगला गेले.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. माय ओट्यापाशी पडलेली सापडली होती.

रिसोडच्या डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव सांगितला. पहाटेच झाला असावा, पण जीव दुपारपर्यंत असावा, असं ते म्हणाले. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

तेरा दिवस घरात माणसं होती. येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी तेच सांगत होत्या. बारा वाजता विरजण मागायला आले, हाक मारली, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, फटीतून आत अंधार दिसला, वाटलं काकू वावरात गेल्या. मी ऐकत कप उचलत राहिले.

आज पाहुणे गेले. वहिनी ओट्यापाशी, त्याच दिव्याखाली, माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मी आत काहून नाही गेली वं, सुप्रिया," त्या म्हणाल्या. "दिवा असता तं गेली असती."

मी त्यांचा हात धरला, मग सोडला.

"दिवा होता, वहिनी. पहाटेपासून होता. तो मीनं बंद केला, पुण्यातून."