पाचव्या तबकडीवरचा तबला

खोर फक्कानच्या रस्त्याला डोंगर लागतात तिथे आमची सामान हलवायची गाडी बंद पडली. ऑगस्टची दुपार. मागच्या डब्यात राजनसाहेबांचं सगळं घर आणि त्यांच्या तबकड्यांची लाकडी पेटी. इंजिन थांबलं तसा डब्याचा एसीही थांबला.

साहेब पुढे आमच्याबरोबरच होते. शारजापासून त्या पेटीचंच बोलत होते. पेपर हेरन नावाचा विलायती बँड, त्याच्या नऊ तबकड्या, सगळ्या पहिल्या छापाच्या. सुरुवातीच्या दोन गुंगी आणणाऱ्या. तिसरीत सॅक्सोफोन शिरला, मग गाणं मागे पडत जॅझ पुढे आला. दर तबकडीला कोणीतरी वादक सोडून जायचा. नववीत मूळचा एकही उरला नव्हता.

"म्हणजे आमची मजुरांच्या कॅम्पातली खोली," गाडी चालवता चालवता अलीमियाँ म्हणाला होता. "नंबर तोच, माणसं दुसरी."

साहेब हसले होते. मग म्हणाले, पाचवीवर माझ्या दादाचा तबला आहे. दादा लंडनला शिकत असताना त्या बँडने त्याला एकदाच वाजवायला बोलावलं. कव्हरवर नाव नाही, पुढच्या छापांतून तो तुकडाही काढला. दादा त्याच वर्षी गेला. त्याच्या हातचं दुसरं काही कुठेच नाही.

आता ते हसत नव्हते. "तबकडी तापली की वाकते. वाकली की खलास."

पेटी आम्ही पुलाखाली सावलीत उतरवली. तिथेही वारा भट्टीतून आल्यासारखा. भरधाव गाड्यांतली एकही थांबेना. साहेब फोनला रेंज शोधत लांब गेले.

ते परतले तोवर अलीमियाँने पेटीला गोणपाट गुंडाळून वर पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतला होता. साइटवर पाणी गार ठेवायला आम्ही असंच करतो. पाणी फटींतून आत उतरत होतं.

"आत कागदाची कव्हरं आहेत," साहेब हळू म्हणाले. "विचारलं का नाहीस?"

"विचारायला तुम्ही होतात कुठे?"

साहेबांनी गोणपाट ओढायला हात घातला. मी पेटीवर हात ठेवला. अजून गारच लागत होती.

"साहेब, कव्हर वाजतं का?" मी विचारलं.

 वाऱ्याने सुकत आलेल्या गोणपाटाला साहेबांनी बोट लावून पाहिलं. मग दुसरा कॅन उचलला आणि स्वतःच्या हाताने सगळा ओतला.

गाडी ओढून न्यायला माणसं आली तेव्हा ऊन उतरलं होतं. नव्या घरात साहेबांनी आधी पेटी उघडली. कव्हरांचा लगदा झाला होता, रंग एकमेकांत मिसळलेले. पाचवी तबकडी त्यांनी सोलून काढली, धुतली, पुसली, डोळ्यांसमोर आडवी धरली.  "यल्ला, चल," असं स्वतःलाच म्हणून त्यांनी सुई टेकवली.

खरखर झाली. बाजा वाजला, सॅक्सोफोन वाजला. साहेबांनी श्वास धरला होता, आम्हीही. मग खालून तबला आला.

 तुकडा संपला तसा अलीमियाँ म्हणाला, "जरा घाईत वाजवतायत."

"हो," साहेब म्हणाले. "घाईच होती त्याला."

आणि त्यांनी सुई पुन्हा मागे नेली.