सासऱ्यांचं ब्रोमीन

सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी रेझिनमध्ये ब्रोमीन घालून सहजासहजी न पेटणारं प्लास्टिक शोधलं होतं, आणि कारखाना अजून त्यावरच चालत होता. ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याच प्रयोगशाळेत सून रुजू झाली. तिने ब्रोमीनशिवाय तसंच प्लास्टिक बनवलं, पण त्यांना सांगायला तिची जीभ रेटेना. असे तीन आठवडे गेले.

शेवटी सासरेच प्रयोगशाळेत आले. "कानावर आलंय माझ्या. दाखव तरी," ते म्हणाले.

तिने चिमट्यात धरलेल्या प्लास्टिकच्या पट्टीला बर्नर लावला आणि बाजूला घेतला. ज्योत चार सेकंदांत विझली. सासऱ्यांनी वाकून धूर हुंगला.

"डोळे चुरचुरत नाहीत," असं म्हणत ते स्टुलावर टेकले. "माझं प्लास्टिक विझतं खरं, पण त्याचा धूर घसा धरतो. कुठे आग लागल्याचं वाचलं, की आधी मनात यायचं, माझ्या प्लास्टिकच्या धुराने तिथे कुणी गुदमरलं तर नसेल? खूप डोकं खाजवलं, पण उपाय सापडला नाही."

"बाबा, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट कसलं? अगं, सुटलो मी."

सुनेच्या जिवात जीव आला. सासऱ्यांनी तिच्या हातातला चिमटा घेतला आणि दुसरी पट्टी स्वतःच ज्योतीवर धरली.