शेषरावांच्या नाकाखाली

मी एक जुनी मिशी आहे. मित्रांनो, रंगभूमीवरच्या कित्येक सेनापतींचा दरारा माझ्या बळावर उभा होता. मी अस्सल मर्दानी केसांची आहे, असं नाटक कंपनीचे मालक सांगत. मी बकरीच्या केसांची आहे.

मेहकरचे शेषराव मला डिंकाने चिकटवून सेनापती होत. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेत झोपलेल्यालाही उठवी. एकदा ऐन आरोळीत मी सुटले. त्यांनी मला बोटाने दाबून धरलं आणि भाषण पुरं केलं. लोकांना तो अभिनय वाटला. वन्स मोअर मिळाला.

पुढे ते कोल्हापूरला मूकपटात गेले. तिथे कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं, तरी ते एकेक शब्द ठणकावून बोलत. मग चित्रपट बोलू लागले. आवाज फाटतो म्हणून त्यांना माईकपासून लांब उभं करत करत चित्राबाहेरच नेलं. ते मेहकरला परतले आणि मी पितळी डब्यात गेले. मध्यंतरी मला उन्हात ठेवलं होतं, तर घरातल्या छकुलीने सुरवंट समजून झाडूने मारलं. माझी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात जुन्या सिनेमांचा अभ्यास करणाऱ्या सारिकाताई लॅपटॉप घेऊन आल्या. शेषरावांनी काम केलेल्या एका मूकपटाचा नऊ सेकंदांचा तुकडा सापडला होता. शेषरावांना त्यात कुणी ओळखलं, तरच त्यांचं नाव लागणार होतं. नाहीतर ‘अनोळखी नट’. त्यांची नात पुष्पाबाई आता ऐंशीच्या. आजोबा त्यांच्या जन्माआधीच गेलेले. घरात फोटो एकही नाही.

पडद्यावर सहा शिपाई क्षणभर समोर तोंड करून उभे राहत आणि किल्ल्याच्या दरवाजातून आत जात. चेहरे धुरकट.

“आजी, मिशी जुळवून पाहू?” सारिकाताई म्हणाल्या.

मला पडद्याजवळ धरलं. मी तिघांना शोभले.

“हे मिशी त आपल्या दूधवाल्या पंजाबरावलेबी शोभते,” पुष्पाबाई म्हणाल्या. “थो शिनेमा पुन्हा लाव वं.”

तिसऱ्यांदा तुकडा लावला. पाच शिपाई वळून पाठमोरे आत गेले. सहावा तोंड आपल्याकडे ठेवून उलटा चालत गेला आणि उंबऱ्याला अडखळला.

“थांब. हे आमचे आबा.”

“कशावरून, आजी?”

“बाबा सांगत, आबा पब्लिकले पाठ दाखवत नव्हते. नाटकातली शिस्त. शिनेमावाल्यानं लाख सांगतलं, आयकलंच नाही म्हणे.”

सारिकाताईंनी नाव लिहून घेतलं. पुष्पाबाईंनी पडद्यावर हळूच बोट टेकवलं. “पडले असते ना, आबा. मांगं पाहा लागते.”

मग त्यांनी मला नव्या फडक्यात गुंडाळून देवघराशेजारी ठेवलं. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकून देऊ नका. कधी कुणाची ओळख तिच्यावर अडलेली असते.

त्या नऊ सेकंदांत शेषराव सफाचट आहेत.