गीझरची वेगळी लाईन

“काका, मेन स्विच पाडला की सोलरपण झोपतो का हो?”

शेजारच्या बाकावरच्या पूर्वीने पैज लावली होती, म्हणून क्षिप्राने भर वर्गात उभं राहून विचारलंच. पोरी फिदीफिदी हसल्या. शाळेत सोलरची माहिती द्यायला आलेले सुजितकाका मात्र हसले नाहीत.

“बॅटरी असेल तर नाही झोपत. मेन पाडलात की घरातले पंखे-दिवे बंद, पण सोलरच्या लाईनवर करंट असतोच. तिचा स्विच वेगळा.”

क्षिप्राला घरचे गीझर आठवले. नागावच्या त्यांच्या होमस्टेत पाहुण्यांच्या गीझरना महिन्यापूर्वीच बॅटरीवाला सोलर जोडला होता. त्यातला एक बिघडलेला, आणि बाबा आज तो उघडणार होते. बाबांची रीत ठरलेली: मेन पाडायचा, पंखा थांबला की बिनधास्त हात घालायचा.

शाळेच्या ऑफिसातून घरी फोन केला, कोणी उचलेना. बाईंना कसंबसं सांगून तिने सायकल हाणली.

घरात पंखा थांबलेला. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ओल्या लादीवर लोखंडी स्टूल, त्यावर अनवाणी बाबा. गीझरचं झाकण उघडं, आणि बाबांची बोटं तारांपासून इतकीशी लांब.

ओरडावं तर बाबा दचकणार, हात नेमका तिथेच जाणार.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “हात खाली घ्या.”

“आलीस? मेन पाडलाय गं.”

“सोलर चालू आहे. घ्या म्हणते ना!”

“वीस वर्षं हेच करतोय मी. आता दहावीतल्या बाईसाहेब मला...”

“अहो, घ्या तो हात,” मागून आई म्हणाली. “पोरगी बघा कशी लटलटतेय!”

बाबांनी कुरकुरत हात खाली घेतला. क्षिप्राने त्यांच्या हत्यारांतला टेस्टर पुढे केला. “हिची समजूत घालतो,” म्हणत त्यांनी तो तारेला टेकवला.

टेस्टर लालभडक पेटला.

बाबा स्टुलावरून उतरले आणि तिथेच ओल्यात बसले. आईने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. क्षिप्रा पडवीत धावली, सोलरचा स्विच पाडून परत आली.

“तुम्ही म्हणता तसं मी सायन्सला जाणार नाही,” ती म्हणाली. “दहावी झाली की आयटीआय, इलेक्ट्रिशियन. आणि शाळेत आलेल्या सोलरवाल्या सुजितकाकांना मी बोलावतेय; ते येईपर्यंत या गीझरला कोणी बोटही लावायचं नाही. ठरलंय माझं.”