दाराकडे झुकणारा पंख

थोरली गेली ती साध्या तापाने, आठ दिवसांत. वीस वर्षं तिने आपलं छोटं दुपंखी विमान आकाशात उलटंपालटं फिरवलं, स्पर्धा जिंकल्या, आणि विमानाने तिला कधी साधा ओरखडा काढला नाही. आईला तेच पचत नव्हतं. "ज्याची धास्ती घेतली ते राहिलं बाजूला," एवढंच ती एकदा म्हणाली आणि शेडमध्ये जाऊन पुन्हा शिवायला बसली.

धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथे आई विमानांच्या पंखांना कापड चढवायची. लाकडी सांगाड्यावर कापड ताणायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने फासळीफासळीला टाके घालायचे. तीस वर्षं हेच काम.

धाकटी दूर, शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवत होती. बहिणीला स्पर्धेत उडताना तिने कधी पाहिलंच नव्हतं; जमलं नाही म्हणा, किंवा जमवलं नाही म्हणा. थोरलीच्या मागे ती परत आली. "विमान उभं राहिलं की कुजतं, पोरी," विमानाची देखभाल करणारे मिस्त्रीकाका म्हणाले. "तू बस." ती बसली.

स्पर्धेचं उड्डाण म्हणजे दिसतो तसला खेळ नव्हे. जमिनीवर पांढरे पट्टे टाकून हवेतली एक चौकट ठरवलेली असते. त्या चौकटीत नऊ आकृत्या ओळीने करायच्या. खाली खुर्च्यांत परीक्षक माना वर करून बसतात आणि दहातून गुण कापतात. पंख पाच अंश कलला की एक गुण गेला. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या बाईंना सगळे 'साडेनऊ बाई' म्हणत, कारण त्यांनी पूर्ण दहा दिलेले कोणी पाहिले नव्हते. नवऱ्याने केलेल्या चहालाही साडेनऊच देतात, असं मिस्त्रीकाका सांगत.

सरावाच्या तिसऱ्या रविवारी साडेनऊ बाईंनी धाकटीला बोलावलं.

"हॅमरहेड छान झाला. सरळ वर गेलात, टोकावर वळलात, सरळ खाली आलात. मग सपाट रेषेवर डावा पंख का पाडलात?"

"मी नाही पाडला."

बाईंनी कागद पुढे केला. तीन रविवार, तीन नोंदी. डावा पंख दहा अंश खाली, लगेच वर. "दोन गुण जातात याचे. बघा काय ते."

मिस्त्रीकाकांनी विमान उघडलं. तारांचा ताण मोजला, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, पंखांत पाणी साचलंय का तेही बघितलं. मग स्वतः बसून त्याच रेषेवरून दोनदा गेले. विमान पट्टीसारखं सरळ.

"माझ्या हातात नाही झुकत," ते उतरल्यावर म्हणाले आणि कापडाने हात पुसत राहिले, पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

धाकटीने आकृत्यांचा क्रम बदलून पाहिला. हॅमरहेड तिसऱ्या जागेवरून सातव्या जागी नेला. आता पंख तिसऱ्या आकृतीनंतर झुकेना, सातवीनंतरही झुकेना. पाचवीनंतर झुकला. ती रेषा शेडच्या समोरून जात होती.

पुढच्या खेपेला ती हाताकडे बघत राहिली. शेड जवळ आली. हातातला दांडा डावीकडे कलला आणि तिचा हात त्याच्याबरोबर गेला. आधी दांडा हलला की आधी हात, हे तिला सांगता आलं नसतं. झुकलेल्या पंखाच्या टोकापलीकडे शेडचं दार दिसलं. दारात आई उभी होती, बोटांत सुई, मान वर.

धाकटी उतरली ती थेट परीक्षकांच्या खुर्च्यांकडे गेली.

"माझ्या बहिणीचेही इथेच कापत होतात का?"

साडेनऊ बाईंनी चष्मा काढला. "दर वेळी. एकदा मी तिला विचारलं, इतकं सफाईदार उडतेस आणि एवढं एक सुधारत नाहीस? तर म्हणाली, कापा बाई, आई दारात असते." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल."

धाकटीला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली. एक पंख उभा करून ठेवला होता. टाके घालायला पंखाच्या दोन बाजूंना दोन माणसं लागतात. एकाने सुई आरपार घालायची, दुसऱ्याने ओढून परत पाठवायची. धाकटी पलीकडे जाऊन उभी राहिली. मधे पांढरं कापड, त्यामुळे मायलेकींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं.

"आई, स्पर्धेच्या दिवशी तू दारात उभी राहू नकोस."

सुई आली. धाकटीने ती ओढून परत घातली.

"का गं?"

"पंख झुकतो. गुण जातात."

"झुकू नये म्हणून मी आत बसू?"

"तुला माहितेय तो का झुकतो ते."

"माहितेय," आई म्हणाली. "तू करत नाहीस, हेही माहितेय. इथून नोकरीला गेलीस तेव्हा फाटकापर्यंत मी मागे आले होते. तू वळून तरी बघितलंस का? तुझा स्वभावच नाही तो. मी काही नावं ठेवत नाही."

सुई पुन्हा आली. या खेपेला ती धाकटीच्या बोटात शिरली. तिने बोट तोंडात धरलं. मेलेल्या बहिणीचा हेवा वाटावा, याची तिला लाज वाटली. पण वाटला तो वाटलाच.

"बसेन आत," आई म्हणाली. "दोरा ओढ नीट. ढिला पडला."

स्पर्धेच्या दिवशी हवा स्वच्छ होती. आईने शेडचं दार लावून घेतलं. धाकटी वर गेली, पंख हलवून सुरुवातीची खूण केली आणि चौकटीत शिरली. पाचवी आकृती संपवून ती सपाट रेषेवर आली. शेड आली, बंद दार आलं. दांडा जागचा हलला नाही. विमान एकदम हलकं वाटलं, वजन उतरवल्यासारखं. पुढच्या चार आकृत्या तिने केल्या कशा, ते तिला नंतर आठवेना. ती पहिली आली. साडेनऊ बाईंनी त्या रेषेला काहीच कापलं नाही. पण बक्षीस देताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर पंख झुकलाच नाही. आई सोमवारी दारात आली, मंगळवारी आली. दोन महिने येत राहिली. विमान समोरून सरळ निघून जायचं. मग एक दिवस दारात कोणी नव्हतं. शेडच्या आत शिवायच्या दिव्याचा उजेड तेवढा दिसत होता. घरी जेवताना आई पूर्वीसारखीच वाढत होती, पूर्वीसारखीच आधी ताटाकडे आणि मग खिडकीकडे बघत होती. धाकटीला ओरडून भांडलेली परवडली असती.

दहा दिवस तिने काढले. अकराव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज जरा दारात ये."

"कशाला?"

"ये म्हणते ना."

ती पाच आकृत्या करून रेषेवर आली. आई दारात होती, हात पदराखाली. शेतांवर फवारणी करताना विजेच्या तारांखालून गेली होती, तेव्हा भ्याली नव्हती इतकी धाकटी आता भ्याली. तिने दांडा डावीकडे दाबला. पंख झुकला. जरा जास्तच झुकला, अवघडलेला, नवख्या माणसाने नमस्कार करावा तसा. तिने तो सरळ केला, नजर पुढे लावली आणि सहावीसाठी नाक वर उचललं.

उतरून ती शेडकडे चालत गेली. आई अजून दारातच होती. डोळे कोरडे होते, चेहरा मात्र सकाळचा नव्हता.

"तू केलंस," आई म्हणाली.

"हो."

"पहिलं जरा घाईचं झालं. दुसरं छान होतं. अगदी हळू."

धाकटी उन्हात उभी राहिली. तिने पंख एकदाच झुकवला होता. मागे, विमानाच्या तापलेल्या इंजिनातून टक् टक् आवाज येत होता.

"पुढच्या वेळी पहिलंही हळू करेन," ती म्हणाली.

आई आत गेली. धाकटीने मिस्त्रीकाकांना काही सांगितलं नाही, साडेनऊ बाईंनाही नाही. पुढच्या वर्षी तिचा नंबर चौथा आला.